नागरी हवाई ध्वज : समुद्रावरून आकाशात आलेली परंपरा

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून नियमित उड्डाणे सुरू झाली आणि उलवे, पनवेल, खारघर या परिसरातील लोकांना विमाने अगदी जवळून दिसू लागली. खालून पाहणाऱ्याला भारतीय विमानाच्या पंखाखाली ‘व्हीटी’ने सुरू होणारी मोठी अक्षरे दिसतात आणि पुष्कळ विमानांवर छोटा तिरंगाही रंगवलेला असतो. मात्र नागरी विमान वाहतुकीसाठी राष्ट्रध्वजाहून वेगळा, स्वतंत्र ध्वज असतो आणि भारतासाठीही तसा ध्वज तयार झाला, हे फारसे कोणाला माहीत नाही. तो असा विस्मरणात का गेला, याचे उत्तर त्याच्या इतिहासातच आहे.

या ध्वजाचे मूळ समुद्रावर आहे. भर समुद्रात समोरून येणारे जहाज कोणाचे, ते मित्राचे की शत्रूचे, व्यापारी की लढाऊ, हे लांबून ओळखण्याचा शतकानुशतके एकच भरवशाचा मार्ग होता, तो म्हणजे डोलकाठीवरचा बावटा. ठाण्याची खाडी, कल्याण आणि वसई या बंदरपट्ट्याने पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तिन्ही सत्तांची जहाजे पाहिलेली असल्यामुळे आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ब्रिटिशांनी १८६४ मध्ये या बावट्यांची कामे नेमकी वाटून दिली. पांढरा नौदलासाठी, लाल व्यापारी जहाजांसाठी आणि निळा सरकारी सेवेतील जहाजांसाठी ठरला, तर तिन्हींच्या काठीकडील वरच्या कोपऱ्यात ब्रिटनचा राष्ट्रध्वज कायम राहिला. पार्श्वभूमीच्या रंगावरून काम आणि कोपऱ्यावरून देश ओळखायचा, ही पद्धत इतकी सोयीची होती की पुढे आकाशातही तीच वापरली गेली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे स्वतंत्र हवाई दल उभे राहिले, तेव्हा त्याला ध्वज मिळायला वेळ लागला, कारण नवा ध्वज काढण्यास नौदल खात्याची हरकत होती. अखेर १९२०च्या शेवटी फिकट निळ्या पार्श्वभूमीचा हवाई दलाचा ध्वज मंजूर झाला. नागरी विमानांची पाळी आणखी दहा वर्षांनी आली. ऑगस्ट १९३१ मध्ये राजाज्ञेने ब्रिटनचा नागरी हवाई ध्वज निश्चित झाला. त्याची पार्श्वभूमी फिकट निळी होती, तीवर पांढऱ्या कडांचा गडद निळा क्रूस आरपार गेलेला होता आणि कोपऱ्यात राष्ट्रध्वज होता. क्रूसाची ही मांडणी नौदलाच्या पांढऱ्या ध्वजासारखीच आहे. ऑस्ट्रेलियाने १९३५ मध्ये आणि न्यूझीलंडने १९३८ मध्ये आपापले तारे जोडून हाच आराखडा स्वीकारला.

ब्रिटनमध्ये नोंदलेल्या विमानांवर, परवानाप्राप्त विमानतळांवर आणि विमान कंपन्यांच्या कार्यालयांवर हा ध्वज लावता येत असे. इम्पिरियल एअरवेज या तेव्हाच्या ब्रिटिश विमान कंपनीची विमाने जमिनीवर फिरत असताना चालककक्षाच्या वर लहानशा काठीवर तो फडकवत. उडत्या विमानावर कापडी ध्वज टिकणे शक्य नव्हते, म्हणून त्याचे काम जमिनीपुरतेच, मानाचे आणि औपचारिकच राहिले.

खरी ओळख मात्र अक्षरांकडे गेली, आणि माझ्या मते या ध्वजाच्या इतिहासातील निर्णायक वळण तेच आहे. ध्वज ठरण्याच्या बारा वर्षे आधी, १९१९च्या पॅरिस कराराने विमानाचे राष्ट्रीयत्व त्याच्या नोंदणीवर ठरेल आणि ते रंगवलेल्या चिन्हांनी दाखवले जाईल, असे ठरवून टाकले होते. सुरुवातीला भारतातील विमाने ब्रिटिश साम्राज्याच्या ‘जी’ या अक्षराखाली नोंदली जात. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या रेडिओ परिषदेत देशोदेशींना संकेताक्षरांचे गट वाटून देण्यात आले, त्यात भारताच्या वाट्याला ‘व्हीटी’ ते ‘व्हीडब्ल्यू’ हा गट आला आणि विमानांवरील ‘व्हीटी’ हे अक्षरयुग्म तिथूनच घेतले गेले. ही अक्षरे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ची, म्हणजे व्हाइसरॉयच्या मुलुखाची, इंग्रजी आद्याक्षरे आहेत, ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे, परंतु शेजारचे ‘व्ही’चे गट कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांना मिळालेले असल्यामुळे ती टिकत नाही. १९४४च्या शिकागो कराराने नोंदणीचे तत्त्व कायम ठेवले. त्या कराराच्या सातव्या परिशिष्टानुसार सर्वसाधारण विमानाच्या पंखावरील अक्षरे किमान ५० सेंटिमीटर आणि धडावरील किमान ३० सेंटिमीटर उंच असावी लागतात. म्हणजे जहाजाच्या बाबतीत बावट्यावर असलेली जबाबदारी विमानाच्या बाबतीत ध्वजाकडे कधी आलीच नाही.

स्वातंत्र्यानंतर भारताने बावट्यांची जुनी चौकट मोडली नाही, फक्त कोपरा बदलला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला आणि पुढे तोच या सर्व ध्वजांच्या कोपऱ्यात आला. भारतीय व्यापारी जहाजाच्या लाल ध्वजावर कोपऱ्यात तिरंगा आहे, हवाई दलाच्या आकाशी ध्वजावर तिरंग्याच्या जोडीला केशरी, पांढरे आणि हिरवे वर्तुळचिन्ह आहे, आणि नागरी हवाई ध्वजाच्या रचनेत फिकट निळी पार्श्वभूमी व पांढऱ्या कडांचा गडद निळा क्रूस तसाच ठेवून कोपऱ्यात तिरंगा घेतला गेला. दुरून पाहणाऱ्याला हा ध्वज ऑस्ट्रेलियाच्या नागरी हवाई ध्वजाचा भाऊबंद वाटतो, आणि वंशावळीने तो आहेही.

इथे नौदलाचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. भारतीय नौदलाच्या ध्वजावरील लाल क्रूस २००१ मध्ये काढला गेला, २००४ मध्ये परत आला आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे पुन्हा काढला गेला. त्या जागी आलेल्या अष्टकोनी चिन्हाची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतून घेतलेली आहे. ज्या कल्याण-भिवंडीच्या किनाऱ्यावर १६५७ नंतर महाराजांनी आपल्या आरमाराची जहाजे बांधायला घेतली, तो किनारा ठाणे जिल्ह्यातच असल्याने येथील लोकांना त्या बदलाचे विशेष अप्रूप वाटले, आणि ते रास्तच होते. नागरी हवाई ध्वजाची मात्र तशी सार्वजनिक चर्चा झालेली नाही. युद्धनौकेचा ध्वज रोज डोळ्यांसमोर फडकतो, तसे स्थान या ध्वजाला मिळाले नाही, हे त्यामागचे मुख्य कारण असावे.

या ध्वजाची राष्ट्रध्वजाशी गल्लत करू नये. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान परदेश दौऱ्यावर जातात, तेव्हा त्यांच्या विमानावर राष्ट्रध्वज लावावा आणि सोबत ज्या देशाला भेट द्यायची त्याचा ध्वज असावा, असे २००२ची भारतीय ध्वजसंहिता सांगते. वाटेत विमान अन्य देशांत उतरले, तर सौजन्य म्हणून त्या त्या देशाचा ध्वज लावला जातो. राष्ट्रपतींच्या देशांतर्गत दौऱ्यात विमानाच्या ज्या बाजूने ते चढतात वा उतरतात, त्या बाजूला तिरंगा लावला जातो. हे सारे नियम राष्ट्रध्वजाचे आहेत. नागरी हवाई ध्वज हा त्या व्यवसायाचा ध्वज आहे.

१९३४चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. जुन्या कायद्यांची अशी फेरमांडणी होत असताना या ध्वजाच्या रचनेचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. फिकट निळा रंग आकाशाचा आहे आणि कोपऱ्यातील तिरंगा आपला आहे, त्यामुळे ते दोन्ही राहावेत. क्रूसाची मांडणी मात्र ब्रिटिश नौदलाच्या परंपरेशी जोडलेली आहे, आणि भारतीय नौदलाने ती सोडल्यानंतर नागरी विमान वाहतुकीने ती जपण्याचे काही कारण उरत नाही.