सोर्स दिला की मत बदलतं का? या वादामागची पार्श्वभूमी

"सोर्स दे" आणि "घे सोर्स, आता बोल" ही जोडी आपल्याकडे साधारण 2014 च्या निवडणुकीच्या आसपास घरोघर पोचली, पण पुरावा पुढे केल्यावर समोरचा हलतो का हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीचा आहे. 1979 चा फाशीच्या शिक्षेवरचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, 24 समर्थक आणि 24 विरोधक, सगळ्यांना एक बाजूचा आणि एक विरोधातला असे दोन अभ्यास वाचायला दिले आणि दोन्हीकडचे लोक म्हणाले की आमचं आधीचंच मत आता जास्त पक्कं झालंय. त्यात फार शिरत नाही.

खरा गोंधळ 2010 पासूनचा. त्या वर्षी अमेरिकेत एक पेपर आला, इराककडे संहारक अस्त्रं सापडली नाहीत हे बातमीत स्पष्ट सांगितल्यावर उजव्या विचाराचे वाचक उलट जास्तच म्हणायला लागले की अस्त्रं होती. याला बॅकफायर असं नाव पडलं आणि ते नाव इतकं गाजलं की पुढची सात-आठ वर्षं "पुरावा देऊ नका, लोक अजून चिडतात" हा सल्ला विज्ञान म्हणून फिरत राहिला. नंतर दुसऱ्या दोघांनी 10 हजारांहून जास्त लोकांवर 52 मुद्दे तपासले (छापून आलं 2019 मध्ये) आणि त्यांना बॅकफायर जवळजवळ कुठेच दिसला नाही, दिसला तो फक्त त्याच इराकच्या प्रश्नात आणि तोही प्रश्नाची शब्दरचना बदलल्यावर गेला. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा खुलासा आहे आणि तो मूळ दाव्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही पोचला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या सल्ल्यामुळे किती लोक गप्प बसले असतील.

आता "मत बदललं" म्हणजे नक्की काय बदललं, इथे सगळी गुंतागुंत आहे. मराठीत मत म्हणजे विचारही आणि मतदानही, त्यामुळे आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो: एखादी माहिती खरी वाटते की खोटी, त्यावरून एखाद्या धोरणाबद्दल काय वाटतं, आणि शेवटी बटण कुठलं दाबणार. 2016 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत हे वेगळं करून तपासलं गेलं, आणि विशेष म्हणजे बॅकफायरवाले आणि त्यांना खोडून काढणारे असे दोघांनी मिळून तपासलं. एका उमेदवाराने गुन्हेगारी प्रचंड वाढल्याचं भाषणात सांगितलं, लोकांना खरे आकडे दाखवले, त्याच्या समर्थकांनीसुद्धा आकड्यांबद्दलची समजूत दुरुस्त केली, पण उमेदवार आवडतो की नाही यात काडीचा फरक पडला नाही. म्हणजे सोर्स लागू पडला का? माहितीपुरतं विचाराल तर हो, मतपेटीपुरतं विचाराल तर नाही. "सोर्सने काही होत नाही" म्हणणारे आणि "होतं" म्हणणारे बरेचदा या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात.

हे मी घरात जवळून बघितलंय. नोव्हेंबर 2016, नोटबंदी होऊन जेमतेम आठवडा, आमच्या काकांनी 2000 ची नवी नोट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, हिरव्याची निळी होणारी तार दाखवली आणि म्हणाले, "ही बघ, हीच चिप, जमिनीत 120 मीटर खाली पुरली तरी सॅटेलाइटला कळते." मी दोन लिंका पाठवल्या, त्यांनी उघडल्याही नाहीत. संध्याकाळी त्यांचा बँकेतला मित्र घरी आला, "अरे दिवसभर बंडलं मोजतोय, कसली चिप घेऊन बसलायस", बस, चिप त्या मिनिटाला संपली. नोटबंदी चांगली की वाईट यावरचं काकांचं म्हणणं मात्र आजही तेच आहे.

आपल्याकडे हा विषय गंभीर झाला तो 2018 मध्ये. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं, त्याच महिन्यात भारतात व्हॉट्सअ‍ॅपवरचं फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणायचं ठरलं. पुढच्याच वर्षी लोकसभेच्या वेळी बिहारमध्ये 1,224 लोकांवर प्रयोग झाला, खोटी बातमी कशी ओळखायची याचं तासाभराचं प्रशिक्षण घरी जाऊन दिलं, एकूणात फरक शून्य, आणि केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचे समर्थक तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्यात आणखी मागे पडले. हे वाचून हात टेकावेसे वाटतात, पण नंतर भारतातच सुमारे 5,100 जणांवर दुसरा ऑनलाइन प्रयोग झाला ज्यात ग्रुपमधल्याच कुणीतरी "हे खरं नाही" म्हणून टोकलं, आणि तेवढ्याने खोट्या गोष्टींवरचा विश्वास चांगलाच कमी झाला, अगदी धर्म-पक्षाशी जोडलेल्या गोष्टींवरचासुद्धा. टोकणाऱ्याने सोर्स दिला तर थोड्याच ठिकाणी जास्त उपयोग झाला, बाकी नुसतं टोकणंही जवळपास तेवढंच चाललं. याच्या अगदी उलट निष्कर्ष 2018 च्या झिका व्हायरसवरच्या अमेरिकन प्रयोगाचा, तिथे सोर्स नसेल तर दुरुस्ती लागूच पडली नव्हती. आता यातला फरक देशाचा, विषयाचा की कोण बोलतंय याचा, यावर वाद चालू आहे. माझा कल शेवटच्याकडे आहे, काकांमुळे.

आणि अलीकडचं म्हणजे 2024 चा प्रयोग. षड्यंत्रांवर विश्वास असलेल्या 2,190 लोकांना एआय चॅटबॉटशी बोलायला लावलं, आधी प्रत्येकाने आपल्याला हे का पटतं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, मग चॅटबॉटने नेमक्या त्याच कारणांना पुराव्याने उत्तर द्यायचं. विश्वास सरासरी 20 टक्क्यांनी घटला आणि दोन महिन्यांनी विचारलं तेव्हाही घट टिकून होती. अर्थात हे मोजलं ते षड्यंत्रांवरच्या विश्वासाबद्दल, पक्ष कुठला आवडतो याबद्दल नाही, म्हणजे वर म्हटलेल्या तीन गोष्टींपैकी पहिलीबद्दलच.