पार्श्वभूमी : ‘समुपदेशन’ या शब्दातला उपदेश

नवी मुंबईच्या पामबीच रोडवर रात्री बाइक पळवणारी पोरं सापडली, की बातमीचं शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं: पोलिसांनी समुपदेशन करून मुलांना पालकांच्या ताब्यात दिलं. म्हणजे दम भरला, हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं. वेगवेगळ्या जातीधर्मांच्या, बोलींच्या माणसांशी समुपदेशकानं कसं बोलावं, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत आता कुठे मोकळेपणानं निघू लागलाय. त्याची वाट या शब्दावरूनच जाते.

ठाण्याचं सरकारी मनोरुग्णालय १९०१ सालचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही मुंबईकरांची थट्टा तिथली. पण ती गोष्ट डॉक्टरांची, औषधांची आणि उंच भिंतींची. दोन खुर्च्या मांडून बोलण्याचं काम फार नंतरचं. साध्या घरांपर्यंत ते मुख्यतः दोन दारांनी आलं. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं कोर्टात समुपदेशक आणला, आणि त्या कायद्याचा भर समेटावर. दुसरं दार एड्स नियंत्रणाचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी रुग्णालयांत रक्ततपासणीच्या आधी आणि नंतर बोलायला माणूस बसू लागला. कोर्टातला समुपदेशक म्हणजे मिटवून देणारा, रुग्णालयातला म्हणजे समजावून सांगणारा. हा आपलं ऐकून घ्यायला बसलाय, असं बाकावर वाट बघणाऱ्याला क्वचितच वाटलं असेल.

प्रशिक्षणवर्गात शब्दाची एक फोड हमखास ऐकायला मिळते: सम म्हणजे समान, म्हणून समान पातळीवरून केलेला उपदेश. ऐकायला गोड, व्याकरणात चूक. ‘सम’ आणि ‘उपदेश’ यांचा संधी ‘समोपदेश’ होईल. समुपदेशात आहे तो ‘सम्’ उपसर्ग, संगम-संवादातला, ‘एकत्र’ किंवा ‘नीट’ या अर्थाचा. समानता त्यात कुठेच नाही. उपदेश मात्र पुरेपूर आहे. पाटी वाचून आत आलेला माणूस तो घ्यायलाच आलेला असतो, आणि आतली मॅडम शिकून आलेली असते की सल्ला द्यायचा नाही, ज्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यायचं. थोड्या वेळानं तो म्हणतो, ‘ते सगळं ठीक, पण मी आता करू काय ते सांगा ना.’ मॅडम विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं?’ पुढच्या आठवड्यात तो येत नाही. दुसरा शब्द शोधावा तर ‘मार्गदर्शन’ करिअरवाल्यांनी कधीच उचललंय, आणि ‘कौन्सेलिंग’ म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे प्रवेशाच्या फेऱ्या येतात.

सल्ला न देण्याचा हा दंडक १९४०च्या दशकातल्या अमेरिकेतून आला. घरच्यांपासून सुटं होऊन स्वतःचं स्वतः ठरवणारा माणूस त्यात गृहीत धरलेला होता. पुढे त्याच देशात याला धक्के बसले. समुपदेशक स्वतःच्याच संस्कृतीच्या कोशात गुरफटलेला असतो, असं तिथल्या एका अभ्यासकानं १९६२ मध्ये लिहिलं. समोरच्याच्या संस्कृतीची जाण नसताना त्याला सेवा देणं अनैतिक आहे, अशी भूमिका मानसशास्त्रज्ञांच्या एका परिषदेनं १९७३ मध्ये घेतली. १९८२ मध्ये जाणीव, ज्ञान आणि कौशल्य ही त्रिसूत्री आली, १९९२ मध्ये तिची ३१ क्षमतांची यादी झाली. परक्याची संस्कृती अशी यादीनं शिकता येते का, ही शंका आलीच. १९९८ पासून ‘सांस्कृतिक नम्रता’ हा शब्द रुळला. म्हणजे मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा.

मला यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच एक लेख. त्याच १९७३ साली चंडीगडच्या एका मनोविकारतज्ज्ञानं अमेरिकन नियतकालिकात लिहून विचारलं होतं, की गुरू-चेल्याचं नातं हा इथल्या उपचाराचा साचा का असू नये? इथल्या माणसाला कुणावर तरी भार टाकण्यात कमीपणा वाटत नाही, वाट दाखवणाऱ्याकडे तो विश्वासानं जातो. मग सल्ला मागणं हा त्याचा दोष कसा? क्लायंटच्या संस्कृतीशी जुळवून घ्यायचं म्हणजे त्याचे सणवार पाठ करायचे, असा समज अजून आहे. खरी पहिली तडजोड सल्ल्याचीच. मात्र या साच्यातली गोम आपल्याला सांगायला नको. कोणाचा गुरू आणि कोणत्या जातीचा चेला? एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधी माहीत असते.

नवी मुंबईत हे सगळं एका वस्तीत येऊन पडलं. १९७० मध्ये शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्या, ही मागणी त्या रक्तातून वर आली. सेक्टरमधल्या सोसायटीत राहणाऱ्या समुपदेशिकेला समोरच्या आगरी बाईची ‘जमीन गेली’ ही तक्रार जुनी कथा वाटते, बाईला ती कालची असते. शेजारी साताऱ्या-सांगलीचा माथाडी, तुर्भ्याला उत्तरेकडचा ट्रकवाला. इकडे ठाण्यात येऊरच्या पाड्यांवरचे वारली, आणि १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंब्र्यात येऊन राहिलेली कुटुंबं. कोणी ‘बाहेरचं झालंय’ म्हणतं, कोणाला ‘घबराहट’ होते, कोणाच्या डोक्यात मुंग्या येतात. फॉर्मवर मात्र एकच चौकट: ॲन्झायटी.

मग आपल्याच समाजाचा समुपदेशक द्यावा का? कागदावर हे सोयीचं दिसतं. गावठाणातल्या सुनेला विचारा. गावातली मॅडम म्हणजे सासूच्या मावसबहिणीची शेजारीण. तिला परकीच बरी वाटते, फक्त बोली कळणारी हवी.

‘संस्कृती’ हा शब्द आपण जातीवर पांघरूण घालायलाही वापरतो, ते एका प्रसंगात उघडं पडतं. मुलीला घेऊन आई-वडील येतात. मुलगा दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा. ‘तिला जरा समजवा, आमच्यात चालत नाही.’ क्लायंटच्या संस्कृतीचा आदर करायचा, तर या खोलीतला क्लायंट कोण? २९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, की आपल्या समाजातली नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्यं न पाळणं या कारणावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पण हे कलम आजार ठरवण्यापुरतं. समजूत घालण्यावर त्याचा अंमल नाही, आणि फी पालक भरतात. असे पालक आले की काही समुपदेशक आता त्यांना बाहेर बसवून आधी मुलीशी एकटीशी बोलतात. काही अजूनही समजावतात.