‘मशीनच सगळं करतं’ म्हणे!

डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) म्हणजे काय, नळी मशीनमध्ये ठेवायची आणि रिपोर्ट छापायचा, असं सर्रास ऐकू येतं. पण रक्त नीट घेतलंय का, हे मशीनला कुठून कळणार? जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएत, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं. तिच्यातलं रक्त पिवळ्या नळीत ओतलं की पोटॅशियम भलतंच चढतं, कॅल्शियम कोसळतं. निळ्या नळीत ०.३ मिलि सायट्रेटला (हेही रक्त गोठू देत नाही) २.७ मिलि रक्त हवंच. कमी भरलं तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबतो. विद्यार्थ्यांकडून घोटून घ्यायचं ते हे, बटणं काय कुणालाही येतात. प्लेटलेट अचानक ४०,००० आल्या? आधी नळीत गुठळी आहे का पाहायचं, मग स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, रंगवून त्याच्या कडांना प्लेटलेटचे पुंजके शोधायचे; पुंजक्यातल्या प्लेटलेट मशीनच्या मोजणीतून निसटतात. सापडले तर सायट्रेटच्या नळीत नवा नमुना घ्यायचा आणि येणारा आकडा १.१ ने गुणायचा, कारण सायट्रेटमुळे रक्त तेवढं पातळ झालेलं असतं.