थ्री-नॉट-थ्रीला भोक पाडायची गरज नाही

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात जुन्या रायफलींचा विषय निघाला की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच: "थ्री-नॉट-थ्रीवर दुर्बीण हवी तर बॉडीला भोकं पाडावीच लागतात." थ्री-नॉट-थ्री म्हणजे .303 बोअरची ली-एनफील्ड रायफल आणि बॉडी म्हणजे तिचा बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा. पण हे खरं नाही.

समजुतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या ली-एनफील्ड नंबर 4 (टी) या स्नायपर रायफलीत आहे. तिच्या बॉडीच्या डाव्या अंगाला दुर्बिणीसाठी दोन पॅड स्क्रूने कायमचे बसवलेले असत. पण ते कारखान्यातलं काम.

साध्या नंबर 4 ची बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची साइट, एका आडव्या पिनवर फिरते. पिन काढली की साइट हातात येते. आजचे काही माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारे जोड, पिनच्या त्याच मूळच्या भोकात बसतात आणि पुढे चार्जर ब्रिजला (बॉडीवरच्या, गोळ्यांची क्लिप अडकवायच्या आडव्या पुलाला) पकडतात. ड्रिल लागत नाही. दुर्बिणीमुळे नजर वर जाते, म्हणून बटवर दोरीने आवळायचं चामड्याचं गालपॅड लावतात. एक अडचण मात्र राहते: वरून चार्जर क्लिपने (गोळ्या एकत्र धरणाऱ्या पट्टीने) गोळ्या भरता येत नाहीत.

काढलेली पिन आणि साइट जपून ठेवा! एकदा पाडलेलं भोक बुजवलं तरी कळतंच. आपल्याकडे .303 प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा बाळगता येत नाही, त्यामुळे हे प्रयोग मुख्यतः परदेशातले संग्राहकच करतात.