वाहनकर्जाचा जामीनदार

गाडीसाठी घेतलेलं कर्ज कर्जदाराने थकवलं तर ते मी भरेन अशी लेखी हमी बँकेला, फायनान्स कंपनीला किंवा पतसंस्थेला देणारी तिसरी व्यक्ती. बोलण्यात जामीन, गॅरंटर, नाहीतर नुसतं 'सही देणारा'. सहकर्जदार म्हणजे को-ॲप्लिकंट हा प्रकार वेगळा, पण शोरूममध्ये दोघांच्याही सह्या त्याच कागदांच्या गठ्ठ्यावर होतात, पेन्सिलने टिक केलेल्या जागी 'इथे, इथे आणि शेवटच्या पानावर' असं सांगत एक्झिक्युटिव्ह पानं उलटत जातो, त्यामुळे आपण नेमकी कशावर सही केली हे कित्येकांना वसुलीचा फोन आल्यावरच कळतं. सहकर्जदार पहिल्या हप्त्यापासूनच देणेकरी असतो (भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ४३ : संयुक्त देणेकऱ्यांपैकी कुणाही एकाकडे सगळी रक्कम मागता येते). जामीनदाराचं देणं मूळ कर्जदार चुकल्यावर उभं राहतं. गाडीची मालकी मात्र दोघांनाही नुसत्या सहीने मिळत नाही, आरसी बुकावर ज्याचं नाव त्याची गाडी.

शब्द आणि पूर्वपीठिका : 'जामीन' हा अरबी 'झामिन'वरून फारसीमार्गे आलेला शब्द. मूळ अर्थ हमी घेणारा माणूस, मराठीत तो माणसालाही लागला आणि कोर्टातल्या सुटकेलाही. संस्कृतातला शब्द प्रतिभू, आणि त्याचं काम ते प्रातिभाव्य. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात (म्हणजे न्यायनिवाड्याच्या भागात) त्याचे तीन प्रकार दिलेत : दर्शन (माणसाला हजर करीन), प्रत्यय (माणूस विश्वासाचा आहे) आणि दान (त्याने नाही दिलं तर मी देईन). पहिल्या दोघांचा शब्द खोटा ठरला तर त्यांनी स्वतः भरायचं, तिसऱ्याच्या बाबतीत मुलांनीसुद्धा. या स्मृतीच्या काळाबद्दल एकमत नाही, धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे ती साधारण इ.स.पू. पहिलं ते इ.स. तिसरं शतक या टप्प्यात ठेवतात, याच विषयाचे दुसरे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल ती गुप्तकाळात आणतात. लेखी दस्तऐवजांवरचा तिचा भर बघता दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. आजचा वाहनकर्जाचा जामीनदार म्हणजे यातला दानप्रतिभू. पण १८७२ चा कायदा या परंपरेतून उतरलेला नाही, त्याचा साचा इंग्लिश कॉमन लॉचा, त्यामुळे साम्य आहे म्हणून थेट वंशावळ जोडू नये. वारसांचं म्हणाल तर आता मुलांवर वैयक्तिक बोजा येत नाही, वडिलांकडून जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच वसुली होते.

जबाबदारी : करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे (पुढची १३३ ते १४६ ही कलमंही याच कायद्यातली, १३८ सोडून) करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराचं देणं मूळ कर्जदाराइतकंच आणि त्याच्या बरोबरीचं. 'आधी त्याला धरा, गाडी विका, मग माझ्याकडे या' हे म्हणणं माणूस म्हणून कितीही रास्त असलं तरी कायद्यात टिकत नाही. बँक ऑफ बिहार खटल्यात खालच्या कोर्टाने बँकेला आधी मूळ कर्जदाराकडचे उपाय संपवायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती अट काढून टाकली. सरफेसी कायद्यात (२००२, बँकांना तारण थेट ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) तर 'कर्जदार' या व्याख्येतच जामीनदार बसवलाय.

आकड्यात सांगायचं तर समजा ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ७ वर्षं. हप्ता १२,८७१ च्या आसपास. २४ हप्ते भरून कर्जदार गप्प झाला की बाकी राहते साधारण ६ लाख २० हजार. गाडी ओढून नेली आणि लिलावात ४ लाख २० हजार आले, तर उरलेले २ लाख, वर यार्डाचं भाडं, जप्तीचा खर्च, दंड, हे सगळं मागायला बँक जामीनदाराकडे येऊ शकते, आणि तोवर दाखवायला गाडीही उरलेली नसते.

सहीबरोबर जामीनदाराचे कोरे चेकही घेतले जातात. ते साधे समजू नयेत, कारण जामीनदाराचा चेक वटला नाही तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ (चेक न वटण्याचा गुन्हा) लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलंय.

हक्क : बहुतेक हक्क पैसे भरल्यावरच हातात येतात, इथेच सगळी मेख आहे. कलम १४५ : योग्य रीतीने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करता येते. कलम १४६ : दोन जामीनदार असतील आणि उलट काही ठरलं नसेल तर दोघांनी सारखा वाटा उचलायचा, एकाने सगळं भरलं तर दुसऱ्याकडून निम्मं मागता येतं. कलम १४० : भरणारा जामीनदार बँकेच्या जागी येतो, म्हणजे बँकेला कर्जदाराविरुद्ध जे जे करता आलं असतं ते त्याला करता येतं. कागदावर हे भक्कम वाटतं, पण पैसे जमा झाले की बँक खातं बंद करते आणि एनओसी (ना-हरकत दाखला) व फॉर्म ३५ (आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा अर्ज) आरसीवाल्याच्या, म्हणजे ज्याने थकवलं त्याच्याच हातात देते. तो आरटीओत जाऊन बोजा उतरवतो आणि गाडी विकून मोकळा होतो. म्हणून 'जामीनदार या नात्याने भरणा' असं लिहिलेली पावती घ्यावी आणि एनओसी निघायच्या आत कलम १४० चा हवाला देऊन बँकेला पत्र द्यावं.

सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं कलम १४१. जामीन दिला तेव्हा बँकेकडे जे तारण होतं त्याचा फायदा जामीनदाराला मिळतो, त्याला ते माहीत असो नसो. ते तारण बँकेने गमावलं किंवा त्याच्या संमतीशिवाय सोडून दिलं तर तेवढ्या किमतीपुरता तो सुटतो. स्टेट बँक ऑफ त्रावणकोरच्या खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, १९६८) बँकेकडे गहाण असलेला माल कमी निघाला आणि जामीनदाराला तेवढी सूट मिळाली. वाहनकर्जात हे बसतं कुठे, तर बँकेने आरसीवर हायपोथिकेशनची (गाडी कर्जदाराच्या ताब्यात ठेवून बँकेकडे तारण असल्याची) नोंदच करून घेतली नाही (मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५१) आणि कर्जदाराने क्लिअर आरसीवर गाडी विकली, अशा ठिकाणी. ओढून आणलेली गाडी वर्षभर पावसात सडवली तर कलम १३९ चाही (बँकेच्या वागण्याने जामीनदाराचा कर्जदाराविरुद्धचा उपाय बिघडला तर तो सुटतो) आधार घेता येतो.

जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या किंवा कर्जदाराशी मुदतवाढीचा करार केला तर कलम १३३ आणि १३५ त्याला सोडवतात. छापील करारात मात्र 'अशा सर्व बदलांना माझी आगाऊ संमती आहे' असं एक वाक्य असतंच. असे हक्क करारानेच सोडून देता येतात का यावर वाद झालाय; निकालांचा कल 'देता येतात' याकडे आहे, १४१ बद्दल मात्र इतक्या सहज तसं म्हणू नये, निष्काळजीपणाला आधीच माफी दिली असं कुणी समजून सही करत नाही. बँक नुसती दावा न लावता बसली तर तेवढ्याने जामीनदार सुटत नाही (कलम १३७).

महाराष्ट्रात : पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली चालते. वसुली दाखल्यात (सहकार निबंधकाकडून मिळणारा वसुलीचा हुकूम) कर्जदारासोबत जामीनदारांची नावं असतात, पुढे त्याच कायद्याचं कलम १५६ आणि त्याखालचा नियम १०७ यांप्रमाणे जप्ती. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. पगारदार पतसंस्थांना कलम ४९ चा सोपा मार्ग आहे, मालकाकडून थेट पगारातून कपात, आणि नोकरीत एकाच खात्यातल्या चौघांनी एकमेकांना आलटूनपालटून जामीन राहायची पद्धत असते तिथे एक बुडाला की बाकीच्यांच्या पगारपत्रकावर ते उतरतं. दिवाणी कोर्टाच्या हुकुमाने पगार जप्त झाला तर पहिले १००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो.

वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. जामीन राहिलेलं कर्ज आपल्याही क्रेडिट रिपोर्टमध्ये 'गॅरंटर' म्हणून दिसतं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. गाडीने अपघात केला तर भरपाईशी जामीनदाराचा नुसत्या सहीमुळे संबंध येत नाही, हायपोथिकेशनखाली गाडी ज्याच्या ताब्यात तोच कायद्याने मालक.