इंग्रजी विशेषणांचे नियम : खान्देशातील वर्गांमागचा इतिहास

चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा कोणत्याही तालुक्यातील माध्यमिक शाळेत दहावीची इंग्रजीची वही उघडली, तर ‘डिग्री’, म्हणजे विशेषणाचे तुलनेचे रूप, बदलण्याचा सराव तिच्यात बहुधा सापडतोच. ‘राम इज द टॉलेस्ट बॉय इन द क्लास’, खाली ‘राम इज टॉलर दॅन एनी अदर बॉय इन द क्लास’ आणि त्याखाली ‘नो अदर बॉय इन द क्लास इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज राम’ अशी तीन वाक्ये सुवाच्य अक्षरात एकाखाली एक लिहिलेली असतात. त्याच विद्यार्थ्याच्या निबंधात मात्र ‘माय ब्रदर इज मोअर टॉलर दॅन मी’, ‘माय सिस्टर इज एल्डर दॅन मी’ किंवा ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन क्रिकेट’ अशी वाक्ये येतात आणि त्यांखाली लाल शाईची रेघ पडते. साच्यातले वाक्य बिनचूक लिहिणाऱ्या मुलाचे स्वतःचे वाक्य का चुकते, हे समजून घ्यायचे तर विशेषणांचे हे नियम केव्हा ठरले, कोणी ठरवले आणि आपल्याकडे कोणत्या वाटेने आले, हे पाहावे लागते.

विशेषण ही शब्दांची स्वतंत्र जात आहे, हा विचार वाटतो तितका जुना नाही. यास्काच्या निरुक्तात नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यय) असे चारच पदप्रकार आहेत. गुण सांगणारे शब्द त्यांत नामातच धरले जातात. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्स याने आठ प्रकार सांगितले, पण त्यांतही विशेषणाला वेगळी जागा नव्हती. लॅटिन व्याकरणांनी हीच परंपरा चालवली आणि नामाचे दोन पोटभेद केले : वस्तूचे नाव सांगणारे आणि त्याला जोडून येणारे. विल्यम बुलोकरने 1586 मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले तेव्हा त्याच्यासमोर लॅटिन व्याकरणाचाच नमुना होता, त्यामुळे इंग्रजी विशेषणही बराच काळ नामाच्या घरातच राहिले. अठराव्या शतकात ते वेगळे झाले. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लौथ यांच्या 1762 च्या व्याकरणात शब्दांच्या नऊ जाती आहेत आणि विशेषण ही त्यांतली एक आहे. मूळचे अमेरिकन, पण इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेले लिंडली मरे यांनी 1795 मध्ये शाळांसाठी व्याकरण लिहिले. ते इंग्लंड-अमेरिकेतच नव्हे, तर इंग्रजी राज्य पोहोचले तेथेही पोहोचले.

याच वाटेने ही चौकट मराठीत आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण लिहिले, त्यात संस्कृतची परिभाषा होती आणि मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आठ शब्दजाती याच परंपरेतून रुळल्या. म्हणजे खान्देशातील विद्यार्थी मराठीच्या तासाला विशेषणाची जी व्याख्या पाठ करतो आणि इंग्रजीच्या तासाला जी पाठ करतो, त्या दोन्हींचे मूळ घराणे मोठ्या प्रमाणात एकच आहे. व्याख्या एक असल्यामुळे वागणूकही एकच असेल असे त्याला वाटते. फसगत होते ती इथे.

मराठीतले आकारान्त विशेषण नामाबरोबर बदलते : चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले घर, चांगल्या मुलाला. ‘लाल’, ‘हुशार’, ‘सुंदर’ असे शब्द मात्र जसेच्या तसे राहतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्हींप्रमाणे प्रत्यय लागत असत, आणि शिवाय सबल व दुर्बल अशा दोन रूपावल्या, म्हणजे प्रत्ययांचे दोन संच, होत्या. जर्मन भाषेत ही व्यवस्था आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. इंग्रजीत शब्दांच्या शेवटचे स्वर उच्चारातून पुसट होत गेले, प्रत्यय गळाले आणि पंधराव्या शतकापर्यंत विशेषण जवळपास अविकारी झाले. ‘धिस-दीज’ आणि ‘दॅट-दोज’ या जोड्यांत तेवढा वचनाचा फरक उरला. इंग्रजी विशेषण अनेकवचनातही का बदलत नाही, असे एखाद्या मुलीने विचारले, तर ‘तसा नियमच आहे’ या उत्तरापेक्षा हे उत्तर तिच्या अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

विशेषणाची जागा हा याच इतिहासाचा दुसरा भाग. मराठीप्रमाणे इंग्रजीतही ते नामाच्या आधी येते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि न्यायालये व राज्यकारभार यांत फ्रेंचचा शिरकाव झाला. फ्रेंचमध्ये बरीच विशेषणे नामानंतर येतात. ‘अ‍ॅटर्नी जनरल’, ‘गव्हर्नर जनरल’, ‘कोर्ट मार्शल’ ही उलट्या क्रमाची नावे त्या वळणाची आहेत, आणि म्हणूनच ‘अ‍ॅटर्नी जनरल’चे अनेकवचन करताना प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो.

तुलनेचे रूप हा या विषयातला सर्वांत समृद्ध आणि वर्गात सर्वाधिक चुकणारा भाग आहे. इंग्रजीतला ‘-एस्ट’ आणि संस्कृतातला ‘-इष्ठ’ हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि ती तमभावाची, म्हणजे ‘सर्वांत जास्त’ सांगणारी, रूपे आहेत हे बहुधा त्याच्या ध्यानातही येत नाही. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ यांत तर धातूही एक आणि प्रत्ययही एक. ‘-अर’ या प्रत्ययाचे नाते संस्कृतातील ‘-ईयस्’शी आहे, ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ या सर्वांना ठाऊक असलेल्या ओळीतले ‘गरीयसी’ हे त्याचेच स्त्रीलिंगी रूप. ‘तरभाव’ (दोघांतली तुलना) व ‘तमभाव’ ही आपल्या व्याकरणातली नावे ‘-तर’ आणि ‘-तम’ या संस्कृतातल्या दुसऱ्या जोडीवरून पडली.

‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावून तुलना करण्याची रीत मध्ययुगीन इंग्रजीत वाढली. लहान शब्दाला प्रत्यय आणि लांब शब्दाला ‘मोअर’ ही आजची वाटणी तेव्हा पक्की नव्हती. मिल्टनने 1667 मधील आपल्या महाकाव्यात ‘व्हर्च्युअस’सारख्या शब्दाला थेट ‘-एस्ट’ जोडला आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असे म्हणतो. दोन्ही खुणा एकाच शब्दावर, आणि त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. आपल्याकडेही शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ असे शब्द आहेत, तेथे ‘-इष्ठ’ वर पुन्हा ‘-तम’ चढला आहे. ठासून सांगायचे असले की माणूस खूण दुप्पट करतो, ही भाषेची जुनी प्रवृत्ती आहे.

अठराव्या शतकातील व्याकरणकारांना हे मान्य नव्हते. एका अर्थासाठी एकच खूण पुरेशी आहे, असा त्यांचा तर्क होता आणि लौथ यांनी दुहेरी तुलनेला चूक ठरवले. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या कोशात ‘लेसर’ या शब्दाला ‘लेस’चा रानटी अपभ्रंश म्हटले, कारण ‘लेस’ स्वतःच तरभावाचे रूप आहे. ‘लेसर’ तरीही टिकला आणि आज प्रमाण मानला जातो. ‘मोअर टॉलर’ला ते भाग्य लाभले नाही. म्हणून विद्यार्थ्याला तो नियम पाळायलाच हवा. पण तो मोडणाऱ्या मुलाला अडाणी समजणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

काही चुका एकेका शब्दाच्या कुळामुळे होतात. ‘ओल्ड’चे जुने तररूप ‘एल्डर’ होते, प्रत्यय लागताना आतला स्वर बदलून झालेले. ‘ओल्डर’ हे इतर शब्दांच्या धर्तीवर नंतर घडले आणि त्याने सर्वसाधारण वापर व्यापला. ‘एल्डर’ कुटुंबातील थोरलेपण सांगण्यापुरते उरले आणि ‘दॅन’च्या आधी येईनासे झाले. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे शब्द लॅटिनमध्येच तरभावाचे होते. इंग्रजीत येताना त्यांनी आपला थाट टिकवला, त्यामुळे त्यांच्यापुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ लागते.

आता इकडची बाजू. मराठीत तुलना करताना विशेषण जागचे हलत नाही. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ उचलतो. अहिराणीतही ‘मना भाऊ मनापेक्षा मोठा शे’ असेच म्हणतात, ‘मोठा’ हा शब्द आहे तसाच राहतो. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीपासून वेगळे काढून भिल्ली भाषांबरोबर ठेवले आहे; त्या वर्गवारीवर मतभेद असू शकतात, परंतु तुलनेच्या बाबतीत अहिराणी आणि मराठी एकाच रीतीने चालतात. म्हणूनच ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ एवढे शिकलेला मुलगा ‘राम इज टॉल दॅन श्याम’ लिहितो. पुढे त्याला ‘-अर’ शिकवला जातो, ‘जास्त उंच’ हा घरचा प्रयोग ‘मोअर’च्या रूपाने डोक्यात असतोच, आणि दोन्ही मिळून ‘मोअर टॉलर’ तयार होते. ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’ यांच्या गोंधळामागेही असेच कारण आहे : आपण ‘मला क्रिकेटची आवड आहे’ असे नामाने बोलतो, त्यामुळे आवड लावणारा आणि आवड लागलेला असे दोन शब्द वेगळे ठेवण्याची गरज या वाक्यात पडत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीनेही यात भर घातली आहे. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर तेथील परीक्षांच्या धोरणाने शाळांतील इंग्रजी चालू लागले आणि भाषांतर व वाक्यरूपांतर हे व्याकरणाचे मुख्य अभ्यास झाले. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलखातल्या पिढ्या शिकल्या. नंतर मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक मार्टिन यांच्या व्याकरणाने ‘डिग्री’ बदलण्याचा साचा घरोघर नेला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून होते, पुढे ते पाचवीपासून आले आणि 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाले. शिकवण्याचे वय इतके खाली आले, तरी रूपांतराचा साचा टिकून राहिला. त्या साच्यात शब्द दिलेले असतात आणि फक्त रूप बदलायचे असते. निबंधात आधी शब्द निवडावा लागतो, आणि ती निवड साचा शिकवत नाही.

वर्गीकरणही या काळात सरकले. रेन-मार्टिनच्या पठडीत ‘माय’, ‘धिस’, ‘सम’ हे शब्द विशेषणांत मोडत. विसाव्या शतकातील भाषाशास्त्राने त्यांना ‘डिटर्मिनर’, म्हणजे नाम कोणते किंवा किती हे ठरवणारे शब्द, म्हणून वेगळे काढले. जुन्या पुस्तकांवर शिकलेले शिक्षक आणि नवी पुस्तके हाती असलेली मुले एकाच वर्गात असली की एकाच शब्दाची दोन नावे ऐकू येतात. अशा वेळी दोन्ही नावे फळ्यावर लिहून हा बदल केव्हाचा, ते एका वाक्यात सांगून टाकलेले बरे.

सातपुड्याच्या पट्ट्यात प्रश्न आणखी एक पायरी खोल जातो. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना मराठी हीच शाळेत शिकावी लागणारी भाषा आहे. शिक्षक ‘दॅन’चा अर्थ ‘पेक्षा’ असा सांगतात तेव्हा तो ‘पेक्षा’ त्या मुलाच्या घरचा असतोच असे नाही. तेथे आधी त्याच्याच बोलीत दोन टोपल्यांची किंवा दोन डोंगरांची तुलना करायला लावून, तो कोणता शब्द बदलतो आणि कोणता तसाच ठेवतो हे ऐकून, मग इंग्रजी वाक्याकडे वळणे हा जवळचा रस्ता आहे.