सवय लागणं वेगळं आणि सोसत राहणं वेगळं

"गावाकडच्या लोकांना काय, सवय असते." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की जीव तुटतो. कमी विजेत, कमी वस्तूंत राहणारी दोन माणसं बाहेरून अगदी सारखी दिसतात, दोघांचं लाईटबिल कमी, दोघंही उन्हाळ्यात फॅनखाली, विचारलं तर दोघंही "झाली सवय" म्हणणार, पण एकाचं मन त्यात खरंच रुळलेलं असतं आणि दुसरा नुसता सोसत असतो.

आधी रुळणं. आम्ही दोन वर्षांपूर्वी ठरवून एसी वापरणं बंद केलं, पहिले दहा-बारा दिवस नुसती चिडचिड, मग हळूहळू पहाटे खिडक्या उघडायच्या, दहा वाजता पडदे ओढायचे, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं असं बसत गेलं आणि एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत एसीचा विषयच कुणी काढलेला नाही. डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी १९९८ मध्ये जगभरातल्या इमारतींची माहिती तपासली तेव्हा हेच दिसलं, खिडक्या स्वतः उघडता येतात तिथल्या लोकांना बंद एसी इमारतीतल्या लोकांपेक्षा जास्त उकाडाही चालतो, आणि ते फक्त कपड्यांमुळे किंवा वाऱ्यामुळे नाही, आपली अपेक्षा बदलते आणि काहीतरी आपल्या हातात असतं म्हणून.

हातात असणं, माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. ग्लास आणि सिंगर या दोघांनी अमेरिकेत १९७० च्या आसपास प्रयोग केले होते, लोकांना मोठमोठे आवाज ऐकवायचे, काहींना सांगायचं की हे बटण दाबलंत तर आवाज थांबेल पण शक्यतो दाबू नका. लोकांनी बटण दाबलं नाही, आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला, तरी नंतर अवघड कोडी सोडवताना बटणवाले जास्त चिकाटीने टिकले. आवाज ठरलेल्या वेळाने येत होता तेव्हाही त्रास कमी झाला. आमच्या घरी एसीचा रिमोट कपाटात आहे, तेच आमचं बटण.

आता सोसणं बघा. २००५ नंतरच्या लोडशेडिंगमध्ये वेळापत्रक पाळलं जायचं तेव्हा आई दळण, मिक्सर, पाण्याची मोटार सगळं त्यात बसवायची, तेव्हा ते थोडंफार तरी रुळणं होतं, पण लाईट कधीही जायला लागली की तेवढेच तास अंधार असूनही घरात भांडणं व्हायची.

आणि शेतीपंपाची लाईट. मामाला आठवड्याआड रात्रीची पाळी, म्हणजे थंडीत मध्यरात्री उठून अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, उसात बिबट्याची भीती, पायाखाली साप असेल याची भीती, आणि कधी यायची कधी जायची हे ठरवणं त्याच्या हातात शून्य. याला कुणी सवय म्हणू नये. रुळलेल्या माणसाची मोजायची खूण खाली सरकते, जे आहे तेच त्याला पुरेसं वाटायला लागतं. सोसणाऱ्याची खूण जागची हलत नाही, तो रोज मनात मोजत असतो, फक्त बोलून उपयोग नाही हे कळल्यामुळे बोलत नाही, आणि आपण त्या गप्प बसण्यालाच समाधान समजतो.

ओळखायचं कसं, तर हवं ते परत मिळाल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. मागच्या मे महिन्यात पाहुणे आले म्हणून आम्ही चार दिवस एसी लावला, ते गेले आणि रिमोट आपसूक कपाटात गेला. मामाच्या फीडरवर, म्हणजे त्याच्या शेताला वीज देणाऱ्या लाईनवर, गेल्या वर्षी सोलरमुळे दिवसा लाईट आली. वीस वर्षं "झाली सवय" म्हणणाऱ्या मामाने त्याच आठवड्यात दाराजवळच्या खुंटीवरची बॅटरी आणि काठी काढून माळ्यावर टाकली आणि मामीला म्हणाला, आता ही मला दिसू देऊ नकोस.